जिन्यावरची बॅच

“मशीन कधी चुकत नाही, माणूस चुकतो,” असं आमचे सर रोज म्हणायचे. त्या दिवशी माझ्या स्क्रीनकडे पाहून त्यांनी वाक्यात थोडी दुरुस्ती केली. “मशीन चुकत नाही. मुली चुकतात.”

वर्गात आम्ही नऊ जण होतो. सात पुरुष, दोन मुली. सगळे हसले असं मी म्हणणार नाही, दोघंतिघंच हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या, आणि मला राग आला तो त्यांचाच जास्त.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. नागपुरात बर्डीवर एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, संगणक शिकवणारी एक खाजगी संस्था निघाली होती. दोन मशिनी, त्यांवर आळीपाळीने बसायचं; एक प्रिंटर आणि एक एसी. धूळ मशीनला चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायच्या, पाय पोत्याला पुसायचे आणि मगच आत जायचं. मी गणितात बी.एस्सी. झाले होते. सकाळच्या एसटीने काटोलहून यायचे आणि दुपारच्या एसटीने परत जायचे. आमची संत्र्याची बाग होती. पदवीपर्यंत पोचलेली घरातली मी पहिली. वडिलांच्या मते तेवढं पुरे होतं.

“बी.एस्सी. झाली ना? मंग आता काहून जाऊन राहिली रोज नागपूरले?” असं ते दर दोन दिवसांनी विचारत.

“शिकाले,” मी म्हणायची.

“काय शिकाले?”

याचं उत्तर मला नीट देता येत नसे. मशीनला आपण कागदावर लिहून सांगतो आणि ती तसं करते, एवढंच मला तेव्हा कळलं होतं. पण जे कळलं होतं त्याची चटक लागली होती.

तर माझ्या स्क्रीनवर त्या दिवशी काय घडलं ते सांगते. सरांनी प्रत्येकाला आपापल्या कामाचा एक प्रोग्रॅम लिहायला सांगितलं होतं. मी आमच्या बागेचा लिहिला. बागेचे पाच तुकडे. मशीनने प्रत्येक तुकड्यातली झाडं विचारायची, आकडा छापायचा, खाली चांदण्यांची एक ओळ ओढायची आणि पुढच्या तुकड्याकडे जायचं. असं पाच वेळा. चांदण्यांच्या ओळीवर सरांचा फार जीव. त्यासाठी त्यांनी फळ्यावर चार-पाच ओळी लिहून दिल्या होत्या. प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला क्रमांक असायचा; पाचशे क्रमांकापासून पुढे त्या जशाच्या तशा टाइप करायच्या, आपल्या प्रोग्रॅमने पाचशेवर जायचं, वीस चांदण्या छापून घ्यायच्या आणि परत यायचं. “या ओळींना कोणी हात लावायचा नाही,” अशी ताकीद होती.

माझा प्रोग्रॅम पहिल्या तुकड्याची झाडं विचारायचा, चांदण्या छापायचा आणि थांबायचा. पाच सांगितले, एकच केला. मी तीन वेळा टाइप करून पाहिला. तिन्ही वेळा तेच. तेव्हाच सर मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं.

शेजारच्या मशीनवर एक काका बसत. लकडगंजात एका टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, लाकूड मोजायचं काम करायचे. वय पन्नाशीच्या पुढे, कानामागे पेन्सिल. टालीच्या मालकाने एकदा सहज म्हटलं होतं, की आता मशिनी येणार, मोजणारे लोक काय करतील? काका दुसऱ्याच दिवशी येऊन या वर्गात बसले. “मशीन येईन तं मीच चालवीन तिले,” असं त्यांनी मालकाला सांगितलं होतं. त्यांचा प्रोग्रॅम तीस ओंडक्यांचा. ओंडक्याची लांबी विचारायची, घेर विचारायचा, घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं की घनफूट आले. मग चांदण्या. त्यांची भानगड माझ्या उलट होती. त्यांचा प्रोग्रॅम थांबतच नव्हता. तीस ओंडके झाले, चाळीस झाले, तरी मशीन आपली लांबी विचारतेच आहे.

“सर, ही मशीन तं जंगलच मागून राहिली,” काका म्हणाले.

सर म्हणाले, “टाइपिंग नीट करा.”

आणि कामठीची एक मुलगी होती. घरी पॉवरलूम, वडील आणि भाऊ विणणारे. घरात उर्दू, बाहेर हिंदी, आणि आमच्याशी दोन्हीची खिचडी करून मराठी. तिचा प्रोग्रॅम मात्र बिनबोभाट चालायचा. लुगड्यांचे दहा तागे, दहाच्या दहा. सर तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “बघा. ही सांगितलं तसं करते.”

म्हणजे मुली चुकतात हेही खरं नव्हतं. पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली. मी प्रोग्रॅमचा कागद मांडीवर घेतला आणि मशीन जे करते ते हाताने करायला बसले. एकेक ओळ वाचायची आणि प्रत्येक नावाखाली त्याची किंमत लिहायची. गाडी खड्ड्यात गेली की पेन्सिल घसरायची. मी तुकडे मोजायला ‘आय’ हे अक्षर घेतलं होतं. गणितात बेरजेच्या चिन्हाखाली आयच लिहायची सवय होती, म्हणून. आय एक. झाडं विचारली. आता पाचशेवर जा. तिथे सरांची ओळ: आय एकपासून वीसपर्यंत, चांदणी छाप.

तिथे माझी पेन्सिल थांबली. सरांच्या ओळींनीही चांदण्या मोजायला आयच घेतला होता. वीस चांदण्या मोजून झाल्यावर तो आय एकवीस झाला होता. मी परत माझ्या ओळीत आले तेव्हा माझा आय एक राहिलाच नव्हता. मशीनने पाहिलं, आय पाचच्या पुढे गेला, काम संपलं.

मग मी काकांचा प्रोग्रॅम आठवून केला, त्यांनीही आयच घेतला होता. तीस ओंडके. पहिला ओंडका, चांदण्या, आय एकवीस. एक वाढवला, बावीस. बावीस तीसच्या आत, म्हणून पुढचा ओंडका विचार. परत चांदण्या, परत एकवीस, परत बावीस. तीस कधी येणारच नव्हता. कळमेश्वर मागे गेलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले आणि पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चपला काढल्या आणि सरळ सरांच्या टेबलापाशी गेले.

“सर, तुमच्या ओळी काढल्या की माझा प्रोग्रॅम चालेल.”

“माझ्या ओळी?”

“तुमच्या ओळींत आय आहे. माझ्यातही आय आहे. मशीनला ते दोन वाटत नाहीत, एकच वाटतो. तुमच्या चांदण्या माझे तुकडे खाऊन टाकतात.”

सर तरुण होते, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. ते म्हणाले, “लूपच्या फेऱ्या मोजायला आयच वापरतात. सगळ्या जगात वापरतात.”

“मग तुम्ही तुमच्या प्रोग्रॅममध्ये के का वापरता?”

मला खरंच जाणून घ्यायचं होतं. फळ्यावरच्या त्यांच्या प्रत्येक नमुन्यात मुख्य मोजणीला के असायचा. कामठीची मुलगी त्यांचं अक्षरन् अक्षर उतरवायची, तिच्याकडेही के, म्हणून तिचा चालायचा. सरांना माहीत नव्हतं. ज्याने त्यांना शिकवलं त्याने के लिहिला होता, म्हणून ते के लिहीत होते.

“तुमचं प्रोग्रॅमिंगमध्ये मन दिसत नाही,” सर म्हणाले. “तुमची बोटं चांगली चालतात. उद्यापासून डेटा एंट्रीच्या बॅचला बसा. नाव मी तिकडे घालतो.”

“माझं नाव तिकडे घालू नका.”

“घातलं,” ते म्हणाले, आणि खरंच रजिस्टर ओढून त्यांनी एक रेघ मारली.

मी बाहेर आले. चपला घातल्या. जिना उतरू लागले आणि मधल्या वळणावर थांबले. तिथे एक खिडकी होती, खाली बर्डीचा रस्ता आणि भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या. घरी जाऊन काय सांगायचं? नाव कापलं म्हणून? वडील म्हणणार, बरं झालं. मी तिथेच पायरीवर बसले. डेटा एंट्रीला मी जाणार नव्हते आणि घरीही जाणार नव्हते. याच्या पुढचं काही ठरवलेलं नव्हतं.

वर्ग सुटल्यावर काका खाली आले. मला पाहून थांबले.

“काय झालं वं पोरी, गेली नाई?”

“काका, तुमच्या मशीनला जंगल का पाहिजे ते मला कळलं.”

ते माझ्या खालच्या पायरीवर बसले. मी कागद दाखवला. आय एक, आय एकवीस, आय बावीस, आय एकवीस, आय बावीस. काकांनी कानामागची पेन्सिल काढून प्रत्येक आकड्याला टिंब दिलं, जसं ते ओंडक्यांना खडूने खूण करत असावेत.

“मंग हा आय एक हाय की दोन?” त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत मी पुष्कळ लोकांना शिकवलं. पुढे कितीतरी वर्षांनी वेबपानं लिहायला शिकणारी पोरंपोरी वेगळ्याच भाषेतले प्रोग्रॅम घेऊन माझ्याकडे यायची, आणि गुंता सोडवत गेलं की बहुतेक वेळा खाली हाच प्रश्न निघायचा. हे नाव एका गोष्टीचं की दोन गोष्टींचं? इतक्या सरळ शब्दांत मात्र काकांनंतर कोणी विचारला नाही.

“लिहिताना आपल्याला दोन दिसतात,” मी म्हटलं. “मशीनला एकच.”

“तं आपण आपला बदलून टाकू.”

“टाकू. तुम्ही ‘जे’ हे अक्षर घ्या. सरांच्या ओळींना हात न लावता चालेल.”

दुसऱ्या दिवशी काकांनी जे घातला. तीस ओंडके, तीसच आले. वर्ग सुटल्यावर काका जिन्यावर आले आणि सोबत कामठीच्या मुलीला घेऊन आले.

“ताई, मेरा चलता है, पण का चालते ते मले नाई माहीत,” ती म्हणाली. “कल सर ने पूछा तो मैं क्या बोलूँ?”

चालणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल हा प्रश्न विचारणारी ती मला भेटलेली पहिली. तिला मी आणखी खोलात नेलं असतं, पण मलाच पुढचं ठाऊक नव्हतं. म्हणून मी विद्यापीठाच्या वाचनालयात गेले. पुस्तक घरी न्यायला मनाई होती. तिथेच बसून एका नव्या भाषेवरच्या पुस्तकातली पानं वहीत उतरवून काढली. त्या भाषेत गंमत होती. कामाच्या प्रत्येक तुकड्याला आपलं स्वतःचं घर. घरात ठेवलेलं नाव घरापुरतं. बाहेर त्याच नावाचं दुसरं काही असलं तरी दोघांची गाठ पडत नाही.

हे जिन्यावर समजावताना माझी दमछाक झाली. आधी मी पुस्तकातलेच शब्द बोलत होते, आणि दोघंही माझ्याकडे नुसती बघत होती. मग मी काकांना विचारलं, “तुमच्या घरी बाई कोणाला म्हणता?”

“मायले,” ते म्हणाले. “पहिल्यापासून बाईच म्हणतो.”

“आमच्या घरी आजीला बाई म्हणतात. शेजारी?”

“शेजारी त्याइच्या मोठ्या बहिणीले.”

“तुमच्या घरात तुम्ही बाई म्हणून हाक मारली तर शेजारची बहीण ओ देते का?”

“कायले देईन? ज्या घरात हाक मारली त्या घरची बाई येते.”

कामठीची मुलगी एकदम म्हणाली, “हमारे यहाँ आपा! मेरी आपा मतलब मेरी बहन. चाची के घर में आपा मतलब चाची खुद.” आणि मग थांबून, स्वतःशीच, “और अपनी मशीन में घर ही नहीं है. सब मैदान में खड़े हैं.”

“हां,” मी म्हटलं. “आपल्या मशीनवर जी भाषा आहे तिला भिंती नाहीत. म्हणून आपण नावं वाटून घ्यायची.”

आम्ही एका पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून काढली. आय सरांच्या चांदण्यांचा, त्याला कोणी शिवायचं नाही. जे मोजणीचा. एल लांबीचा. जी घेराचा. पुठ्ठा जिन्याच्या खिडकीत उभा केला. आठवडाभरात वर्गातले आणखी तिघंजण सुटल्यावर तिथे थांबायला लागले. त्यांत त्या दिवशी सरांच्या वाक्याला हसलेल्यांपैकी एक होता. त्याला मी शिकवलं, पण पहिले दोन दिवस त्याच्याशी एक अवांतर शब्द बोलले नाही. मी काही साध्वी नव्हते.

मी रोज यायची, रोज वर्गाच्या वेळेत जिन्यावर बसून वहीत प्रोग्रॅम लिहायची, आणि वर्ग सुटला की आमची बॅच भरायची. उन्हाळा होता. वर एसी, आणि जिन्यात खिडकीतून येणारी झळ. रुमाल ओला करून मानेवर ठेवायचा. सर येता-जाता आम्हाला ओलांडून जात. एक दिवस ते थांबले.

“ही काय शाळा आहे का? संस्थेच्या जागेत हे चालणार नाही.”

मी काही म्हणायच्या आत काका उभे राहिले. गुडघे धरत, सावकाश. “सर, संस्था दुसऱ्या मजल्यावर हाय. जिना घरमालकाचा हाय. मी त्याले इचारून आलो. थो म्हन्ते, पान थुंकू नका, बाकी बसा.”

सर वर निघून गेले. कामठीची मुलगी ओढणीत तोंड लपवून हसत होती. मी नाही हसले. मला त्या माणसाचा इतका राग होता की हसू येत नव्हतं. खरं सांगायचं तर तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. जायला हवा होता, असं लोक म्हणतात. मी त्याला घालवायचा प्रयत्नही केला नाही.

त्याच सुमारास काटोलला कोणीतरी वडिलांच्या कानावर घातलं, की तुमची पोरगी बर्डीवर जिन्यात बसलेली असते, माणसांसोबत. वडील संत्र्याच्या मृग बहाराच्या कामाचं काहीतरी आणायला नागपूरला आले होते. ते सरळ तिथे आले. मी वहीतून डोकं वर काढलं तर खालच्या वळणावर ते उभे, धोतराचा सोगा हातात, टोपी घामाने भिजलेली. माझ्या बाजूला काका होते, समोर कामठीची मुलगी, आणि तो हसणारा.

“चाल घरी,” ते म्हणाले.

“वर्ग सुटला नाही अजून.”

“वर्ग? हा वर्ग हाय?”

“हो.”

काकांनी सरकून जागा केली. “बसा न दादा. पाच मिनिटं बसा. मंग घेऊन जा.”

वडील बसले नाहीत. कठड्याला टेकून उभे राहिले. मी थांबले नाही, चाललं होतं तेच पुढे सांगत राहिले. त्या दिवशी आम्ही काकांचा नवा प्रोग्रॅम हाताने चालवून पाहत होतो. घनफुटांची बेरीज चुकत होती. काका एकेक आकडा वाचायचे, मी वहीत लिहायची. एका जागी मी थांबले आणि म्हटलं, “इथे बेरीज शून्य करायची राहिली. कालच्या ओंडक्यांचे घनफूट आजच्यात येतात.”

काका माझ्या वडिलांपेक्षा मोठे. त्यांनी वहीत डोकं घातलं, बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “बरोबर हाय तुमचं, मास्तरीणबाई.”

वडिलांनी ते पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “अन् वरतं सोडून इथं काहून बसून राहिली तू?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. आय आणि के, रजिस्टरातली रेघ, मुली चुकतात, सगळं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण कोणाची चूक आणि कोणाला बाहेर काढलं, एवढं त्यांना नक्की कळलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

“मी जातो,” ते म्हणाले. “तू येजो आपल्या वेळेवर. अन् इथून उठू नको.”

त्यानंतर त्यांनी कधीही “काहून जाऊन राहिली” असं विचारलं नाही.

परीक्षा जाहीर झाली. यादीत माझं नाव डेटा एंट्रीत. प्रोग्रॅमिंगची परीक्षा सोमवारी अकराला. मी साडेदहालाच वर गेले, पाय पुसले आणि दुसऱ्या मशीनसमोर जाऊन बसले. कोणी आलं नव्हतं. मशीन सुरू केली.

सर आले. मागोमाग बाकीचे.

“उठा,” सर म्हणाले.

“नाही उठत.”

“यादीत नाव नाही तुमचं.”

“नाव तुम्ही कापलंत. मी सोडलेलं नाही.”

त्यांनी हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं. स्क्रीनवरची हिरवी अक्षरं आकसून एका ठिपक्यात गेली आणि विझली.

मी उठले. पण दाराकडे गेले नाही, फळ्याकडे गेले. खडू घेतला आणि डाव्या बाजूला सरांच्या चांदण्यांच्या ओळी लिहिल्या, अक्षरन् अक्षर त्यांच्याच. मग बाजूला तीन रकाने पाडले. पहिल्यात माझा पाच तुकड्यांचा प्रोग्रॅम, दुसऱ्यात काकांचा तीस ओंडक्यांचा, तिसऱ्यात के वापरून केलेला कामठीच्या मुलीचा. प्रत्येकाखाली आयची किंमत, ओळीगणिक, हाताने. फक्त खडूचा आणि एसीचा आवाज. पहिल्या रकान्यात मी पाच तुकड्यांच्या जागी एकाच तुकड्याखाली रेघ मारली. दुसऱ्यात एकवीस-बावीस, एकवीस-बावीस असं फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत लिहीत गेले, खाली वाकून, जोवर जागा होती तोवर.

मग मी वळले आणि म्हटलं, “आता सांगा. कोण चुकलं?”

सर फळ्याकडे पाहत होते. तेवढ्यात कामठीच्या मुलीने पहिल्या मशीनसमोरची खुर्ची मागे सरकवली.

“ताई, मेरी जगह बैठ. मैं नहीं देती परीक्षा.”

काकांनीही कानामागची पेन्सिल खिशात ठेवली आणि हाताची घडी घातली. “मीबी नाई देत.” तो हसणारा मुलगा दाराशी होता. तो आत येऊन बसलाच नाही. इतर पाचजणही उभेच राहिले.

सर खूप वेळ फळा वाचत होते. पहिल्या रकान्यापासून, बोट फिरवत. एकवीसवर त्यांचं बोट थांबलं. मग ते हळूच म्हणाले, “मला हे कोणी सांगितलं नव्हतं.”

मला वाटतं त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं, त्यांनाही आणि मलाही. तसं काही झालं नाही. त्यांनी डस्टर उचललं, फळ्यावरच्या पाचशेच्या ओळीतला आय पुसला आणि तिथे झेड लिहिला. मग जाऊन भिंतीवरचं बटण सुरू केलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “बसा. अकरा वाजून गेले.”

मी बसले. माफी त्यांनी मागितली नाही, आणि आभार मी मानले नाहीत. परीक्षेत मी पहिली आले. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, कारण काका दुसरे आले होते आणि त्या बातमीने जिना दणाणला.

महिन्याभराने प्रमाणपत्रं आली. माझ्यावर छापलं होतं, डेटा एंट्री. काउंटरवरची बाई म्हणाली, रजिस्टरमध्ये तसंच आहे, आता बदलता येत नाही, घेऊन टाका, कागदच आहे. मी ते पालथं करून काउंटरवर ठेवलं आणि खाली उतरले. आईने नंतर विचारलं, “घेतलं असतं तं काय बिघडलं असतं वं?” बिघडलं काहीच नसतं. पण जे केलं नाही त्याचा कागद मला नको होता.

काका टालीवर परत गेले. मालकाने खरंच मशीन आणली आणि काकांनी ती निवृत्त होईपर्यंत चालवली. कामठीची मुलगी लग्न होऊन जबलपूरला गेली. तिथे एका शाळेत ती संगणक शिकवते, असं तिचं एकदा पत्र आलं होतं. सर पुढच्या वर्षी नागपूर सोडून गेले. कुठे, ते मला माहीत नाही आणि मी शोधलंही नाही.

मी नोकरीसाठी एका सरकारी खात्यात मुलाखतीला गेले. तिथे तिघं बसले होते. मधल्याने विचारलं, “प्रमाणपत्र?”

“नाही.”

“मग शिकलात हे आम्ही कसं मानायचं?”

“चुकणारा एखादा प्रोग्रॅम द्या. मी चूक काढते.”

त्यांनी खरंच दिला. लांबलचक, तीन पानांचा, मी कधी न पाहिलेल्या भाषेतला. बरोबर त्या भाषेचं जाडजूड पुस्तकही दिलं. कदाचित मला टाळायलाच. मी बाहेरच्या बाकावर बसून पुस्तक उघडलं आणि हाताने चालवायला लागले, ओळीगणिक, नावाखाली किंमत लिहीत. जेवणाची सुट्टी झाली, लोक डबे घेऊन गेले आणि आले. चूक नावांची नव्हतीच. एका वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नव्हता, म्हणून मशीन पुढचं वाक्य त्यालाच जोडून वाचत होती. चार वाजता मी आत गेले आणि ती जागा पेन्सिलने दाखवली.

मधल्याने चष्मा काढला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि शेजारच्याला म्हणाला, “अरे, हा तर दोन महिने अडला होता आपला.”

पुढच्या मंगळवारी मला नेमणुकीचं पत्र आलं.